‘रझाकार’ : एक शब्द आणि एक अल्पायुषी दल

मराठीतील ‘रजा’ आणि ‘रझाकार’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळाचे होत. संमती, खुशी हा त्याचा अर्थ. धन्याच्या संमतीने चाकर घरी जाई, म्हणून ‘रजा’ म्हणजे सुट्टी झाली. आपखुशीने सेवा पत्करणारा तो ‘रझाकार’, म्हणजेच स्वयंसेवक. असे असता मराठवाड्यात या दुसऱ्या शब्दास जुलमाचा अर्थ का चिकटला, याचे उत्तर कोशात नसून इतिहासात आहे.

हैदराबाद संस्थानात 1927 मध्ये निघालेल्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे हे दल बहादूर यार जंग यांच्या काळात उभे राहिले. 1944 साली ते निवर्तले. पुढे नेतृत्व लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आले. 29 नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे कराराने विलीनीकरणाचा प्रश्न सुटला नाही. संस्थानाचे खडे सैन्य सुमारे 22,000 होते. रझाकारांची संख्या मात्र 2 लाखांपर्यंत सांगितली जाई. बहुतेकांपाशी ठासणीच्या बंदुका व तलवारी असत. रणांगणावर असे दल निरुपयोगी. निःशस्त्र गावावर मात्र त्याची जरब मोठी. उलट बाजूस सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या स्वयंसेवकांच्या छावण्या होत्या. दोन्हीकडील माणसे एकाच मुलखातील, म्हणूनच या संघर्षास यादवीचे स्वरूप आले. ऑगस्ट 1948 मध्ये विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्यांपुढे औरंगाबादने (आजचे छत्रपती संभाजीनगर) शरणागती पत्करली आणि 17 सप्टेंबरला सर्वत्र युद्ध थांबले. पाच दिवसांत दल संपले. रझवींना अटक झाली व 1957 मध्ये सुटका होताच ते पाकिस्तानात गेले.

परंतु हिशेब येथे संपला नाही. सूड दलावर न थांबता समाजावर उलटला. सुंदरलाल समितीने या काळातील बळींची संख्या 27,000 ते 40,000 अंदाजिली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. मृतांत ज्यांनी कधी हत्यार धरले नव्हते असेही अनेक होते.

सारांश, ‘रझाकार’ हे एका दलाचे नाव आहे, एका समाजाचे नव्हे. शोएबुल्ला खान यांचे मरण हा भेद सिद्ध करते. दलाचा जुलूम नाकारणे जितके अनैतिहासिक, तितकेच हा भेद पुसणेही होय. शब्दाचा अर्थ बदलतो. मात्र त्याची व्याप्ती सैल झाली, की निरपराधांना त्याची किंमत मोजावी लागते.