मुतखड्याची सावली

गेवराईत सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलं की समोर पाटी दिसते : इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. ती कायद्यानं लावावीच लागते. असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, 1988 साली. केंद्राचा 1994 ला आला. तरी 2011 च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं मुली 807 च निघाल्या. म्हणून या यंत्राचं नाव काढलं की आम्हा बायांच्या पोटात आधी गोळाच येतो. कंबरेतून कळ निघते, लघवीला जळजळ होते, आणि घरात विचारतात, "सोनोग्राफी कशाला? दिवस गेलेत का?"

खरं तर हे यंत्र बाळासाठी निघालंच नव्हतं. कारखान्यात लोखंडाला आतून चीर गेली आहे का, हे ध्वनिलहरी सोडून बघत. ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी ती युक्ती पोटातल्या गाठी ओळखायला वापरली आणि 1958 साली ते छापून आलं. कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, आपटून परत येतो. खडा पडद्यावर पांढरा चमकतो आणि त्याच्या मागं काळी सावली पडते.

चिरफाड न करता खडा फोडायची रीत जर्मनीतली. तिचं मूळ डॉर्निअर या विमान कंपनीत! वेगानं उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूत हादरे कसे शिरतात, हे तिथं अभ्यासत होते. 7 फेब्रुवारी 1980 ला म्युनिकमध्ये डॉ. ख्रिश्चन शॉसी आणि सोबत्यांनी पहिल्या रुग्णाचा मुतखडा हादऱ्यांनी फोडला. रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवत. भिंगातून ऊन एका ठिपक्यावर यावं तसे हादरे एका जागी येतात, आणि खडा नेमका तिथंच हवा. पण श्वासागणिक मूत्रपिंड वरखाली होतं!

खडा शोधायला आधी सोनोग्राफीच करून पाहिली होती. तेव्हाची चित्रं धूसर, जमेना. मग दोन बाजूंनी एक्स-रे घेऊ लागले. काही वर्षांतच सोनोग्राफी सुधारली आणि तिच्यावर नेम धरणारी यंत्रं आली. टब जाऊन पाण्याची उशी आली. एक्स-रेत न दिसणारे युरिक ॲसिडचे खडेही आता सापडतात, आणि किरणांची भीती नसल्यानं दोन-तीन हजार हादरे बसेपर्यंत डॉक्टर खड्यावर नजर ठेवू शकतात. मूत्रनळीच्या मधोमध अडकलेला खडा मात्र आतड्यातल्या हवेमागं लपतो. तिथं एक्स-रेच लागतो.

गरोदर बाईला हे हादरे देत नाहीत. म्हणून पाळी चुकली का, हे आधी विचारतात. तेव्हा लाजून खोटं सांगू नका.

आमच्या गटातली एक ऊसतोडीला जायची. फडात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळायची. तिचा खडा संभाजीनगरला असाच फोडला. डॉक्टरांनी लघवी गाळून चुरा आणायला सांगितलं होतं. त्यातला चिमूटभर ती कागदाच्या पुडीत बांधून बैठकीत घेऊन आली. वाळूसारखाच होता. पुडी सगळ्यांच्या हातातून फिरली.