इंग्रजींतील ‘तूं’ कोठें गेला?

इंग्रजी व्याकरणाचें पहिलें पुस्तक हातीं येतांच मराठी मुलास एका गोष्टीचें नवल वाटतें. घरीं तो आईस ‘तूं’ म्हणतो, वडिलांस ‘तुम्ही’ म्हणतो आणि आल्यागेल्या पाहुण्यास ‘आपण’ म्हणतो. इंग्रजींत मात्र आई, वडील, पाहुणा आणि दारांतला कुत्रा या सर्वांस एकच सर्वनाम, ‘यू’! शिवाय समोर एकच माणूस असला तरी त्या ‘यू’बरोबर क्रियापद येतें तें ‘आर’, म्हणजे अनेकवचनी. ‘नियमच तसा आहे’ असें सांगून शिक्षक पुढें जातात. पण त्या नियमाच्या पोटांत कित्येक शतकांचा इतिहास दडलेला आहे.

प्राचीन इंग्रजी भाषा संस्कृताप्रमाणेंच विभक्तींनीं समृद्ध होती. नामांस तीन लिंगें होतीं व सर्वनामांस द्विवचनहि होतें. पुढें नामांचीं लिंगें व बहुतेक प्रत्यय झडून गेले. षष्ठीचा ‘स’ काय तो उरला. सर्वनामांनीं मात्र जुनी ठेव बरीचशी जपली. ‘ही, हिज, हिम’ हीं रूपें तिचीच साक्ष देतात. त्या काळीं एकास ‘दाऊ’ व अनेकांस ‘यी’ म्हणत. ‘यू’ हें ‘यी’चें द्वितीया-चतुर्थीचें रूप होय. त्यांत मानापमानाचा प्रश्न नव्हता. राजासहि ‘दाऊ’च म्हणत.

१०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि दरबारांत फ्रेंच भाषा आली. फ्रेंचांत थोरांस अनेकवचनानें संबोधण्याचा प्रघात होता. तो तेराव्या शतकापासून इंग्रजींतहि उतरला. वरिष्ठांस ‘यू’ व कनिष्ठांस ‘दाऊ’ अशी विभागणी झाली. १६०३ मध्यें विंचेस्टर येथें सर वॉल्टर रॅले याजवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हां सरकारी वकील एडवर्ड कोक यानें त्या मानी सरदारास भर न्यायालयांत मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणविलें. एका सर्वनामानें प्रतिष्ठा धुळीस मिळवितां येत होती.

नेमक्या याच भेदाविरुद्ध क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स उभा राहिला. एका माणसास अनेकवचन लावणें हें असत्य होय व खुशामतहि होय, असें त्याचें म्हणणें. न्यायाधीश असो कीं उमराव असो, क्वेकर त्यास ‘दाऊ’च म्हणत व त्यापायीं मारहि खात. १६६० मध्यें फॉक्सनें दोन सहकाऱ्यांच्या साह्यानें या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत नाना भाषांतील एकवचन-अनेकवचनाचे दाखले दिले होते आणि पानांवर मुलांच्या धुळाक्षरांच्या पाटीसारख्या चौकटी छापल्या होत्या. मोठमोठ्या विद्वानांस पुन्हां शाळेंत बसविण्याचाच तो थाट!

याची झळ घराघरांत पोंचली. पुढें अंध कवि मिल्टन यास लॅटिन ग्रंथ वाचून दाखविणारा टॉमस एलवुड तरुणपणीं क्वेकर झाला. बापास ‘यू’ म्हणणें त्याच्या मनास पटेना, आणि बाप तर स्वतः मॅजिस्ट्रेट! मुलाच्या तोंडून ‘दाऊ’ निघतांच तो त्यास बुक्क्यांनीं मारी, आणि पुन्हां हा शब्द ऐकला तर दांत घशांत घालण्याची धमकी देई. एलवुडनें आत्मचरित्रांत हा प्रसंग लिहून ठेविला आहे. बापाचा अवमान करण्याची मुलाची इच्छा नव्हती व मुलाचें मन जाणण्याची बापाची तयारी नव्हती. मध्यें उभें होतें तें एक सर्वनाम.

शेवटीं समता आली, पण फॉक्सला अभिप्रेत असलेल्या वाटेनें नव्हे. कोणाचाहि अवमान नको म्हणून लोक सर्वांसच ‘यू’ म्हणूं लागले, आणि अठराव्या शतकापर्यंत ‘दाऊ’ शिष्ट बोलण्यांतून जवळजवळ नाहींसा झाला. त्या शतकांत एका माणसास उद्देशून ‘यू वॉज’ म्हणण्याचाहि प्रघात होता. रॉबर्ट लोथ यानें १७६२ च्या आपल्या व्याकरणांत तो सदोष ठरविला. आपण एका वडिलांस ‘तुम्ही आहांत’ म्हणतों, त्याच न्यायानें ‘यू आर’ कायम झालें.

‘दाऊ’ उरला तो यॉर्कशरसारख्या भागांतील बोलींत, जुन्या काव्यांत आणि प्रार्थनेंत. १६११ च्या बायबलच्या भाषांतरांत तो सर्वत्र असल्यामुळें आजच्या इंग्रजी वाचकास तो अतिशय आदराचा शब्द वाटतो. ज्या शब्दानें रॅलेचा अपमान झाला, त्याच शब्दानें आज ईश्वराची आळवणी होते. मराठी भक्तास याचें नवल वाटूं नये. पांडुरंगास तोहि ‘तूं’च म्हणत आला आहे.