ब्रेक नाही, थांबणं नाही : व्हेलोड्रोमच्या अ‍ॅक्रेडिटेशनची तयारी कशी करावी?

ब्रिटनमधल्या लंडन, मँचेस्टर, डर्बी किंवा ग्लासगोच्या बंदिस्त व्हेलोड्रोमवर कुणालाही थेट सायकल घेऊन उतरता येत नाही. आधी 'टेस्टर' सेशन, मग टप्प्याटप्प्याने अ‍ॅक्रेडिटेशन. लंडनच्या ली व्हॅलीत असे चार टप्पे आहेत. ते झाल्याशिवाय इतरांबरोबर सराव नाही की रेस नाही. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबादहून तिकडे शिकायला वा नोकरीला गेलेल्या सायकलप्रेमींसाठी ही माहिती.

एवढी कडक अट का?

ट्रॅकची सायकल 'फिक्स्ड' असते. तिला ब्रेक नाही, फ्रीव्हीलही नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. ली व्हॅलीचा लाकडी ट्रॅक २५० मीटरचा; वळणावर ४२ अंश तिरका, सरळ भागातही १२ अंश. तिथे पुढचा अचानक हलला, तर मागच्याला सावरायला जागाच नसते. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच ट्रॅकवर ऑलिंपिक विजेता मॅट वॉल्स कठडा ओलांडून प्रेक्षकांत जाऊन पडला होता. महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे याच स्पर्धेत इथे धावल्या होत्या.

म्हणून प्रशिक्षक तुम्ही किती जोरात पळता ते पाहत नाहीत. तुमच्या मागच्याला तुमचा भरवसा वाटेल का, हे पाहतात.

वेगाचा हिशोब

वळणावर साधारण ताशी ३० किमी वेग राखायला सांगतात. म्हणजे ३० सेकंदांत एक फेरी. पुढे ४८ आणि मागे १५ दात असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ पावणेसात मीटर जाते. हिशोब केला तर मिनिटाला ७५ फेरे पुरतात. आकडा मोठा नाही, पण तो सतत टिकवावा लागतो. वळण पाहून घाबरून वेग कमी केला, तर चाक घसरू शकतं.

रेषा पाठ हव्यात

सगळ्यात खाली काळी रेषा. ट्रॅकची लांबी तिच्यावरून मोजतात. तिच्या वर लाल, त्याच्या वर निळी. सराव करताना हळू जाणारे निळ्याच्या वर राहतात. सगळे डावीकडे वळत जातात, ओव्हरटेक उजव्या म्हणजे वरच्या बाजूने. वर जाण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे पाहायचं, मगच हलायचं. गटात पुढचा वळणावर वर सरकतो, बाकीचे खालून निघून जातात आणि तो शेवटच्याच्या मागे येऊन बसतो. हा 'चेंज' नीट जमला की अर्धं काम झालं.

घरच्या घरी काय करता येईल?

– मोकळ्या मैदानात पांढऱ्या पट्टीवरून सरळ जाताना मागे वळून पाहा. सायकल पट्टी सोडता कामा नये.
– पेडल न थांबवता २० मिनिटं, मिनिटाला ८० ते ९० फेरे. रोलर असेल तर उत्तम.
– क्लिप पेडलमध्ये बूट अडकवण्याची, सोडवण्याची सवय करा.
– मित्राच्या मागे जाताना नजर त्याच्या चाकावर नको, खांद्यापलीकडे ठेवा.

त्या दिवशी

हेल्मेट, हातमोजे, शक्यतो पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. सायकल तिथे भाड्याने मिळते. जेवण दोन तास आधी, तेही हलकं. वेग कमी करायचा तर पायांचा जोर हळूहळू सोडा, थोडं वर चढा. थांबताना कठडा धरा. पेडल मारणं मात्र मध्येच बंद करायचं नाही. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांची ही सवय सगळ्यात उशिरा सुटते.

एखादा टप्पा पुन्हा करायला सांगितला, तर नापास झालो असं समजू नये. दुसऱ्या शहरातल्या ट्रॅकवर जायचं असेल, तर आपलं प्रमाणपत्र तिथे चालेल का, हे बुकिंगआधीच विचारून घ्या. आणि वळणाची भीती वाटत असेल, तर ती प्रशिक्षकाला आधीच सांगा. लपवलेली भीती ट्रॅकवर दुसऱ्यालाही पाडू शकते.