जुना संगणक घरघरतोय? आधी आवाज ओळखा

लाखनी : जुना डेस्कटॉप संगणक सुरू करताच खोलीभर घरघर घुमू लागली, की दोन टोकाचे उपाय योजले जातात. कोणी पंख्याची वायर काढून टाकतो, तर कोणी संगणकच भंगारात काढायला निघतो. पहिल्या उपायाने प्रोसेसर धोक्यात येतो आणि दुसऱ्याने एका किरकोळ सुट्या भागापायी चालते यंत्र हातचे जाते. वास्तविक पंख्याचा आवाज हे केवळ लक्षण आहे. त्यामागचे कारण बहुधा घरच्या घरी शोधता येते.

भंडारा जिल्ह्यातील लाखनीसारख्या गावांत ही तक्रार अधिक जाणवणे स्वाभाविक आहे. गाव राष्ट्रीय महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) वसलेले असल्याने वाहनांची धूळ आहेच. धानाच्या या पट्ट्यात मळणीच्या दिवसांत भुसा व तूस उडते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर लागतात. कूलरचा ओलसर झोत थेट संगणकावर येत असेल, तर आतील धुळीचा चिकट थर बनतो व तो नुसत्या फुंकरीने निघत नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यांच्या गावांपर्यंत संगणक-साक्षरता पोहोचवली. त्या काळातील अनेक यंत्रे टंकलेखन, हिशेब अशा कामांना अजूनही पुरेशी आहेत.

उष्णतेचे गणित

पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ तापलेल्या धातूच्या पात्यांवरून, म्हणजे हीट सिंकवरून, खोलीतली हवा खेळवतो. खोलीत २५ अंश असताना एखाद्या कामात प्रोसेसर ५५ अंशांवर राहत असेल, तर खोलीत ४० अंश असताना तेच काम त्याला सुमारे ७० अंशांवर नेईल. तापमान वाढले, की मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढवतो आणि वेगाबरोबर आवाज वाढतो. वेग निम्मा केल्यास आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणूनच ८० मिलिमीटरच्या वेगवान पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरचा संथ पंखा तेवढीच हवा कमी गोंगाटात देतो.

पंखा काढून टाकण्याचा धोका काल्पनिक नाही. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने केलेल्या प्रसिद्ध चाचणीत चालू संगणकावरील हीट सिंक काढताच अॅथलॉन प्रोसेसर जळाला होता, तर पेंटियम-४ ने स्वतःचा वेग उतरवून जीव वाचवला होता. त्यानंतरच्या प्रोसेसरमध्ये असे संरक्षण सर्रास आले. तरीही तापलेला संगणक मंदावतो किंवा ऐन कामात बंद पडतो.

आवाज कुठला?

कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा, वीजपुरवठ्याच्या पेटीचा (एसएमपीएस), मागील बाजूचा व कधी ग्राफिक्स कार्डाचा असे अनेक पंखे असतात. झाकण काढून कागदाची सुरळी कानाला लावल्यास नेमका पंखा सापडतो. सुरळी पात्यांपासून दूरच ठेवावी.

- सूं सूं असा मोठा झोत : पंखा सुस्थितीत, पण यंत्र तापलेले. धूळ किंवा सुकलेली थर्मल पेस्ट हे कारण.
- घरघर, विशेषतः सकाळी सुरू करताना : बेअरिंगमधील वंगण आटलेले.
- खडखड : पात्यांना वायर घासते आहे.
- कॅबिनेटचा थरथराट : स्क्रू ढिले झालेले.
- टक्-टक् : हा बहुधा पंखा नव्हे, हार्ड डिस्क असते. अशा वेळी दुरुस्ती बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम संगणक बंद करून वीजतार काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे व कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थितिज वीज उतरवावी. मग यंत्र अंगणात नेऊन मऊ ब्रश व ब्लोअरने धूळ काढावी. त्या वेळी पाती बोटाने धरून ठेवावीत. झोताने पंखा भरधाव फिरल्यास बेअरिंग बिघडते, शिवाय फिरणारी मोटर उलट वीज निर्माण करते.

इंटेलच्या २००४ नंतरच्या अनेक मदरबोर्डांवर हीट सिंक चार प्लॅस्टिक खुंट्यांवर बसवलेला असतो. त्यातील एक जरी सुटली, तरी हीट सिंक प्रोसेसरला नीट टेकत नाही आणि पंखा अखंड ओरडत राहतो. या खुंट्या तपासाव्यात, दाबताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतील जोडीने दाबाव्यात. हीट सिंक काढल्यास जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा नव्हे. काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून, मग बंद करून घ्यावा. पेस्ट मऊ झाली, की हीट सिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवता येतो.

साध्या पंख्यात मधला स्टिकर उचलून शिलाई यंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब दिल्यास घरघर थांबते. हा उपाय बहुधा काही महिनेच टिकतो. खोबरेल तेल मात्र टाळावे. ते साधारण २४ अंशांखाली गोठू लागते व विदर्भाच्या थंडीत पंखा जाम करू शकते.

नवा पंखा घेताना जुन्याचा आकार, १२ व्होल्टचा दाब आणि जोडणीच्या पिना मोजून जावे. तीन पिनांच्या पंख्याचा वेग साधारणतः व्होल्टेज बदलून, तर चार पिनांच्या पंख्याचा स्वतंत्र संकेताने बदलतो. शक्यतो बॉल बेअरिंगचा पंखा निवडावा. तो किंचित आवाजी असला, तरी उष्ण हवेत अधिक टिकतो. शेवटी बायॉसमध्ये जाऊन वेग-नियंत्रण चालू आहे का, हे पाहावे.

एसएमपीएस उघडू नये

एसएमपीएसमधील कपॅसिटरमध्ये तार काढल्यानंतरही ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकू शकतो. त्याचा पंखा घरघरत असल्यास पेटी जाणकार कारागिराकडे द्यावी किंवा पूर्ण बदलावी.

वर्षातून दोनदा, मळणी आटोपल्यावर व उन्हाळा लागण्यापूर्वी, कॅबिनेट स्वच्छ केले आणि ते जमिनीपासून थोडे उंच, भिंतीपासून वीतभर दूर ठेवले, तर यातील बहुतेक प्रसंग टळतात. एवढे करूनही आवाज वाढत गेलाच, तर तो दडपण्याऐवजी त्याचे कारण शोधावे. पंखा स्वस्तात बदलता येतो, आतील माहिती गेली तर ती परत मिळेलच असे नाही.