ठाऊक असूनही न आठवणारे : संकेताभावी होणाऱ्या विस्मरणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

परीक्षेच्या वर्गात उत्तर काही केल्या सुचत नाही आणि बाहेर पडल्यावर मैत्रिणीने एक शब्द उच्चारताच अख्खा परिच्छेद डोळ्यांपुढे उभा राहतो. हा अनुभव नसलेला माणूस विरळा. तो शब्द येण्याआधीही उत्तर मनात होतेच, हे उघड आहे. मग ते वर्गात हाती का लागले नाही? विस्मरणाच्या अभ्यासात शिरताना हाच प्रश्न बरोबर घ्यावा.

हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा आलेख मांडला. तेव्हापासून स्मृतीचा ठसा वापराअभावी झिजत जातो, असे अनेकजण धरून चालले. 1932 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन मॅक्‌गिओक यांनी त्यावर नेमका आक्षेप घेतला. लोखंडाला गंज चढायला वेळ लागतो, पण गंज चढवतो तो प्राणवायू, वेळ नव्हे. तसेच विस्मरणामागचे खरे कारण शोधले पाहिजे. त्यांनी जी कारणे पुढे केली त्यांत एक होते बदललेली परिस्थिती: शिकताना जे भोवती होते ते आठवताना भोवती नसणे. ही कल्पना पुढे बरीच वर्षे मागेच राहिली.

तिला भक्कम आधार मिळाला तो टोरांटोत. एस्टोनियात जन्मलेले एन्डेल टलव्हिंग आणि त्यांच्या सहकारी झेना पर्लस्टोन यांचा 1966 चा प्रयोग या क्षेत्राचा उंबरठा आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबू. शाळकरी विद्यार्थ्यांना 12, 24 किंवा 48 शब्दांच्या याद्या एकदाच ऐकवल्या. शब्द वर्गवार होते: आधी वर्गाचे नाव, मग त्यातले शब्द. नंतर काहींना कोरा कागद दिला, काहींना वर्गांची नावे छापलेला. नावे मिळालेल्यांना जास्त शब्द आठवले, आणि यादी जितकी लांब तितका हा फरक मोठा होता. कोऱ्या कागदावरची विस्मृती कशी होती, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. ज्या वर्गाची आठवण झाली त्यातले शब्द साधारण नावे मिळालेल्यांइतकेच आठवत होते, मात्र काही वर्ग सगळेच्या सगळे गळून पडत. वर्गाचे नाव, म्हणजे आठवणीपर्यंत नेणारा संकेत, पुढे येताच त्यातले शब्दही येत. म्हणजे ते साठवणीत उपलब्ध होते, फक्त तिथे पोचता येत नव्हते. उपलब्ध असणे आणि हाती लागणे यांतला हा भेद या अभ्यासाचा पाया आहे.

चिकित्सक वाचक इथे हटकेल, आणि त्याने हटकावेच: ‘प्राणी’ म्हटल्यावर ‘गाय’ कोणीही लिहील, त्यात आठवण कसली? टलव्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांच्या 1970 च्या प्रयोगात याचे उत्तर मिळते. ‘काळा’ हा शब्द ‘रेल्वे’ या दूरच्या शब्दाबरोबर शिकवला, तर नंतर ‘पांढरा’ हा एरवीचा जवळचा शब्द फारसा उपयोगी पडत नाही. ‘रेल्वे’ मात्र उपयोगी पडतो. अंदाजच चालला असता तर उलटे घडले असते. संकेताचे बळ ठरते ते शिकतानाच्या क्षणी.

स्थळही संकेत होऊ शकते का? डंकन गॉडेन आणि ॲलन बॅडली यांनी 1975 मध्ये पाणबुड्यांना काही शब्द किनाऱ्यावर, काही पाण्याखाली शिकवले. जिथे शिकले तिथेच विचारल्यावर त्यांना अधिक आठवले. हा प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटतो. 2021 मध्ये याप मुर्रे यांनी तो पुन्हा केला तेव्हा मात्र तो परिणाम आढळला नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. स्थळाचा प्रभाव असतो, पण तो नाजूक आहे. दुसरा चांगला संकेत हाताशी असला की तो झाकला जातो. स्टीव्हन स्मिथ यांना 1979 मध्ये आढळले की दुसऱ्या खोलीत बसूनही शिकतानाची खोली मनात नीट आणली, तर जवळपास तितकाच लाभ होतो. विद्यार्थ्यांना मी हा निष्कर्ष आवर्जून सांगतो. साक्षीदारांच्या जबाबासाठी फिशर आणि गायझलमन यांनी विकसित केलेली पद्धतही हेच करते: आधी प्रसंगाची जागा आणि मनःस्थिती मनात उभी करायला सांगते.

भाषेचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. व्हिओरिका मारियन आणि अल्रिक नायसर यांनी 2000 मध्ये रशियन-इंग्रजी द्विभाषिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाखत रशियनमधून झाली की रशियनमध्ये घडलेले प्रसंग अधिक आठवत, इंग्रजीतून झाली की इंग्रजीतले. शाळा मराठीतून आणि नोकरी इंग्रजीतून करणाऱ्या माणसांत, परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

एक इशाराही हवा. योग्य संकेत मिळाला की काहीही आठवते, असा दावा या संशोधनातून निघत नाही. काही स्मृती खरोखरच नष्ट होत असतील. शिवाय एकाच संकेताला फार गोष्टी जोडल्या की तो बोथट होतो. संकेत देऊनही न आठवलेल्या गोष्टीबद्दल निर्णय राखून ठेवणे हेच शास्त्रीय.

वाचकहो, या क्षेत्रात यायला महागडी यंत्रे लागत नाहीत. भाज्या, नद्या, दागिने, नाती अशा वर्गांची मराठी शब्दांची यादी करा, ती विद्यार्थ्यांना एकदा ऐकवा, मग अर्ध्यांना कोरे कागद द्या आणि अर्ध्यांना वर्गांची नावे लिहिलेले. मिळालेले आकडे स्वतः मांडा, आणि मगच पुढची पुस्तके उघडा.