व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर: दोष कसा शोधावा आणि दुरुस्त कसा करावा

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्या आवाज वाढवण्याचे काम करतात. जुने रेडिओ आणि लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर असेच होते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे आजही व्हॉल्व्हच पसंत करतात, कारण आवाज वाढवत नेला की तो एकदम न फाटता हळूहळू खरखरीत होत जातो. या यंत्रातले बरेच बिघाड साधे आणि स्वस्त असतात. मात्र वायर काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो, म्हणून दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे.

कोकणात बिघाड का वाढतात?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. संगमेश्वरसारख्या नदीकाठच्या गावात पावसाळाभर बंद पडून राहिलेल्या यंत्रात ओल शिरते. व्हॉल्व्हच्या पिना, सॉकेट, गिटारची वायर खोचायचा जॅक आणि आवाजाचे बटण यांवर गंज चढतो. जुने कागदी कपॅसिटर, म्हणजे जुन्या कारागिरांच्या भाषेत कंडेन्सर, ओल धरून गळू लागतात. गणपतीत यंत्र बाहेर काढून थेट प्लग लावला की नेमका तेव्हाच फ्यूज उडतो.

आधी सुरक्षितता

व्हॉल्व्हच्या प्लेटवर साधारण २५० ते ५०० व्होल्ट असतात. हा दाब साठवणारे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात. म्हणून प्लग काढून, थोडा वेळ थांबून मीटरने दाब मोजावा. दाब उरला असेल तर १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटर आणि चासी यांच्यामध्ये जोडावा, काही सेकंद ठेवावा आणि पुन्हा मोजावे. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करू नये. चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात ठेवण्याची जुनी सवय चांगली आहे, कारण मग वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जात नाही. ज्याला हे काम नवीन आहे, त्याने बाहेरची तपासणी करून पुढचे काम जाणकाराकडे सोपवावे.

पेटी न उघडता काय तपासावे?

पहिला संशय वायर, जॅक आणि स्पीकरवर घ्यावा. दुसरी गिटार आणि दुसरी वायर लावून पाहावी. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नये, कारण त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. परदेशातून आणलेले यंत्र किती व्होल्टचे आहे ते मागच्या पट्टीवर वाचावे. अमेरिकेतले १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावले की नुकसान ठरलेले. फ्यूज उडाला असेल तर त्याच प्रकारचा आणि तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा बसवावा. तोही उडाला तर आत शॉर्ट आहे, असे समजावे.

बराच काळ बंद असलेले यंत्र पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, म्हणजे ६० किंवा १०० वॅटच्या साध्या तारेच्या बल्बमधून चालू करावे. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर यंत्र लगेच बंद करावे.

लक्षण आणि कारण

• आवाजच नाही: आधी व्हॉल्व्ह पेटले आहेत का ते पाहावे. काचेच्या आत वरची चंदेरी झाक पांढरी पडली असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह बदलावा.
• सतत गुणगुण: भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे. फिल्टर कपॅसिटर सुकला की १०० हर्ट्झची जाड घरघर येते. ५० हर्ट्झची गुणगुण बहुधा हीटर, वायरिंग किंवा अर्थिंगकडून येते.
• खरखर: बटण फिरवताना आली तर बटणाला कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो. लाकडी पेन्सिलने हळूच टोकल्यावर एखादा व्हॉल्व्ह वाजला तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या सॉकेटमध्ये आहे.
• प्लेट लाल होणे: यंत्र ताबडतोब बंद करावे. बायस बिघडला आहे किंवा अलीकडचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे. काचेवरची फिकट निळी झाक मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

व्हॉल्व्ह बदलल्यानंतर

लहान व्हॉल्व्ह, उदाहरणार्थ ईसीसी८३ (याचेच दुसरे नाव १२एएक्स७), थंड झाल्यावर काढून तसाच दुसरा बसवता येतो. ईएल३४सारखे पॉवर व्हॉल्व्ह बदलले की बायस तपासावा लागतो. कॅथोडशी १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचे ३५ मिलिव्होल्ट म्हणजे ३५ मिलिअ‍ॅम्पिअर. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर व्हॉल्व्ह सुमारे १४ वॅट उष्णता सोसतो. ईएल३४ची मर्यादा २५ वॅट आहे, म्हणजे हा आकडा सुरक्षित आहे. व्हॉल्व्ह गावात मिळत नसल्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चौकशी करता येते.

अर्थिंग तोडू नका

गुणगुण जावी म्हणून काहीजण प्लगची तिसरी पिन काढतात. ही सर्वांत घातक युक्ती आहे. गिटारच्या तारा वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या चासीला जोडलेल्या असतात. आत बिघाड होऊन चासीत वीज उतरली तर ती वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचते, आणि समोरच्या माइकला ओठ लागले तर शरीरातून वाट मिळते. जुन्या यंत्राची दोन पिनांची वायर बदलून तीन पिनांची बसवून घ्यावी. कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होते. म्हणून खड्ड्यात पाणी घालावे आणि इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे.

पावसाळ्यात यंत्र भिंतीपासून दूर, उंचावर ठेवावे आणि पंधरा दिवसांतून एकदा तासभर चालू करावे. आतली ऊब ओल घालवते.