वैद्यकीय संशोधनातील नीती : विश्वासार्ह माहिती कोठे शोधावी?

वर्धेच्या काठावरील कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वांना ठाऊक आहे. येथील रुग्णाला मोठ्या उपचारांसाठी नदीपलीकडे सेवाग्राम किंवा अलीकडे अमरावती, अकोला येथील वैद्यकीय महाविद्यालये गाठावी लागतात. अशा संस्थांत उपचारांसोबत संशोधनही चालते. एखादे संमतिपत्र पुढे आल्यास सही करावी की नाही, हे कोणाला विचारावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, मार्गदर्शक तत्त्वे हा पहिला आधार होय. १९८० मध्ये धोरणविषयक निवेदन निघाले. त्यानंतर २०००, २००६ व २०१७ मध्ये तत्त्वे विस्तारत गेली. २०१७ ची आवृत्ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ग्रंथ जाडजूड आहे. सामान्य वाचकाने संमती आणि नीतिसमिती ही दोन प्रकरणे तरी वाचावीत. समितीत किमान सात सदस्य हवेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा आणि वैद्यकाशी संबंध नसलेली सामान्य व्यक्तीही हवी, हे तेथे स्पष्ट सांगितले आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. हा कायदा आहे, केवळ उपदेश नव्हे.

दुसरा आधार भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीचा, म्हणजे सीटीआरआयचा. ती जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. चाचणी कोण करते, पैसा कोणाचा, कोणत्या समितीने मान्यता दिली, हे तेथे घरबसल्या पाहता येते. मात्र नोंद असणे म्हणजे चाचणी निर्दोष असल्याची ग्वाही नव्हे.

नियम पाळूनही प्रश्न उरतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. ५२ ग्रामसमूहांतील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. तिघांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या गटाला स्थानिक रुग्णालयात तपासणी कशी करून घ्यावी, एवढेच सांगण्यात आले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४, तर तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू नोंदले गेले होते. तपासणीचा लाभ सिद्ध झाला. पण तिचा उपयोग अन्यत्र ठाऊक असताना हजारो स्त्रियांना त्याविना ठेवणे योग्य होते काय? गावात अशी सोय मुळातच नव्हती, हा संशोधकांच्या बाजूचा युक्तिवाद. गरिबी हा तुलनेचा निकष होऊ नये, हा आक्षेपकांचा. दुसरा अधिक वजनदार वाटतो.

हा वाद दोन्ही बाजूंनी वाचायचा तर मुंबईहून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' पाहावे. १९९३ मध्ये छोट्या पत्रिकेच्या रूपात सुरू झालेले हे नियतकालिक महाजालावर मोफत उपलब्ध आहे. भाषा इंग्रजी, हीच अडचण. जागतिक पातळीवरील हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा असून २०२४ मध्ये तो सुधारला गेला. जुनी प्रत हाती आल्यास वर्ष तपासून घ्यावे.

गावातल्या माणसासाठी सर्वांत जवळचा दस्तऐवज मात्र संमतिपत्र हाच. ते त्याला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि सही केलेली प्रत त्याला मिळालीच पाहिजे. नीतिसमितीशी संपर्क कसा साधावा, हे त्यातच लिहिलेले असते.